पाचची जोडी

जोडीमास्तरांना जोडीमास्तर का म्हणतात, असं एखाद्या नवख्याने विचारलं की शेजारचा टायरवाला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "लग्नं जमवतात." दोन-चार बाप खरंच पोराचा फोटो खिशात घालून गॅरेजात येऊन गेले होते. मास्तर त्यांना बाकावर बसवायचे, चहा पाजायचे आणि मग पत्र्याखाली उघडून ठेवलेला एखादा मागचा अ‍ॅक्सल दाखवायचे. "मी यांची जमवतो," म्हणायचे. बाप बिचारा ओशाळा होऊन चहा संपवायचा.

आता जोडी म्हणजे काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक भोपळा लोंबत असतो. त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. एक जेवणाच्या ताटाएवढं, त्याला क्राउन म्हणतात. दुसरं मुठीएवढं, ते पिनियन. इंजिनाकडून आलेला दांडा धाकट्याला फिरवतो, धाकटा थोरल्याला आणि थोरला चाकांना. दांड्याचे पावणेचार फेरे झाले की चाकाचा एक, तर ती पावणेचारची जोडी. पळायला झकास, ओढायला आळशी. पाच फेऱ्यांना एक, तर ती पाचची. ती डोंगर ओढून आणील, पण सपाटीवर इंजिन असं बोंबलतं की आत बसलेल्याचे कान किटतात, आणि गाडी मात्र रमतगमत चालते. मधे सव्वाचार, साडेचार वगैरे मंडळी आहेतच. शास्त्र म्हणाल तर एवढंच. बाकी सगळं गिऱ्हाईक ओळखणं.

कारण गिऱ्हाईक खोटं बोलतं हो! ट्रेलरमधे घोडा नेतो म्हणेल, निघतात दोन. चढावर तिसऱ्या गिअरात येते म्हणेल, आणि येत असते पहिल्यात, तीही कण्हत. म्हणून मास्तर स्वतः शेजारी बसून त्या माणसाच्या रोजच्या रस्त्याने एक फेरी मारायचे आणि मगच काय ते सांगायचे. त्यांनी सांगितलेली जोडी कधी बदलायला लागली नाही, असा त्यांचा लौकिक. मास्तरांना त्याचा बऱ्यापैकी ताठाही होता. ते नाकारत, पण होता.

मास्तरांना एकुलती एक लेक. चांगली विमा कंपनीत खुर्ची उबवत होती, ती एक दिवस राजीनामा देऊन घरी आली आणि म्हणाली, "मी मधमाश्या पाळणार." आईने हातातलं उलथनं खाली ठेवलं. मास्तर म्हणाले, "चावतात गं." लेक म्हणाली, "ऑफिसातही चावायचे." विषय संपला.

दोन वर्षांत तिने पेट्या वाढवल्या, जुनी पिकअप घेतली, मागे ट्रेलर लावला. आणि या वर्षी तिला मोठं काम मिळालं. वर डोंगरात सफरचंदांच्या बागा होत्या. झाडांना फुलं आली की फळ धरायला माश्या लागतात. तिथल्या बागवाल्या बाईंनी सांगितलं, फुलोऱ्याला तुमच्या सगळ्या पेट्या घेऊन या. नीट आणल्यात तर दरवर्षीचं काम तुमचं. लेक तो फोन ठेवून घरभर नाचली होती.

पण पेट्या नेणं सोपं नव्हे. दारं जाळीने बंद केलेली, आत हजारो जीव. गाडी चालती असली की वारा लागतो. पण ऊन चढेपर्यंत रस्त्यातच राहिलात तर आत भट्टी होते, मेण ढासळतं आणि माश्या गुदमरून मरतात. म्हणजे पहाटे निघायचं, लांबलचक सपाटी भराभर मागे टाकायची आणि उन्हाच्या आत घाट चढून, पलीकडचा उतार उतरून बागा गाठायच्या. गाडीत मुळात होती त्या पावणेचारच्या जोडीने चढावर दम तुटत होता. लेकीने गणित मांडलं आणि बापाला सांगितलं, "सव्वाचार बसवा. सपाटीलाही पळेल, चढालाही पुरेल."

"बघतो," मास्तर म्हणाले. "एकदा शेजारी बसून येतो."

"मुळीच नाही!" लेक कडाडली. त्याला कारण होतं. ती चालवायला लागली की शेजारी बसून मास्तर पायाखालचा रबरी मॅट दाबत बसायचे, जणू ब्रेक त्यांच्याच बाजूला होता. त्या मॅटला तिथे भोक पडलं होतं. वर "अगं अगं अगं" चालूच. गेल्या खेपेला तिने त्यांना अर्ध्या रस्त्यात उतरवून बसमध्ये बसवून दिलं होतं.

तर मास्तर शेजारी बसले नाहीत. गाडी मात्र तीन दिवस त्यांच्या ताब्यात राहिली, आणि या माणसाने काय करावं? सव्वाचार सोडून पाचची जोडी बसवली! का, तर पाचच्या जोडीने पोरगी पळवू म्हणाली तरी गाडी पळणार नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढा जाणता माणूस, असं कसं केलं? अहो, त्यांच्या गॅरेजात काय येतं ते बघा ना. उलटलेली गाडी येते. उतारावर ट्रेलरने मागून ढकलून खड्ड्यात घातलेली येते. सुखरूप घरी पोचलेल्या गाड्या त्यांच्याकडे कशाला येतील? तीस वर्षं रोज मोडकंच बघितलेला बाप तो. लेकीने गाडी घेतली त्या दिवसापासून त्याला तीही उलटलेलीच दिसायची.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण जोडी बदलली की वेग दाखवणाऱ्या काट्याचं एक बारकं प्लॅस्टिकचं चाकही बदलावं लागतं, नाहीतर काटा चढवून सांगतो. मास्तरांनी ते चाक मुद्दाम तसंच ठेवलं. काटा ऐंशी दाखवणार आणि गाडी चालणार साठने. लेकीने विचारलं, "आवाज फार करतेय हो?" तर मास्तर म्हणाले, "ओढायच्या गाडीचा आवाज असाच असतो." जोडीमास्तरांनी सांगितलं म्हटल्यावर तिने मान डोलावली.

मोठ्या कामाच्या आधी लेकीने थोड्या पेट्या घेऊन एक छोटी खेप केली, सूर्यफुलाच्या शेतांकडे. दुपारी परत आली ती गॅरेजच्या दारात गाडी लावून चाकापाशी मटकन बसली. दोन पेट्या गेल्या होत्या. झाकण उघडलं तर आत मेणाचा लगदा, आणि त्यात काळ्या माश्यांचा थर. मास्तर तिच्या शेजारी उभे राहून बघत होते.

"उशीर झाला, बाबा. कसा झाला तेच कळत नाही. काटा ऐंशीवरून हलू दिला नाही मी. एक दुधाचा टँकर तर मला ओलांडून पुढे गेला, म्हटलं केवढा सुसाट चाललाय हा मेला."

टँकरवाला सुसाट नव्हता हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? लेक स्वतःला शिव्या घालत मेलेल्या माश्या उपसत राहिली.

संध्याकाळी लेक ओट्याला टेकून आईला म्हणाली, "मला हे जमणारं काम नाही. रस्त्याचा अंदाजच येत नाही मला. दोन पेट्या माझ्या हलगर्जीपणाने मेल्या. वर सगळ्या नेल्या तर सगळ्या मारीन. बाईंना फोन करून नाही म्हणते, दुसरं कुणीतरी बघतील त्या वेळेवर. आणि विमा कंपनीत परत घेतात का ते विचारते."

तिने फोन उचलला. मास्तर जेवायला बसले होते. घास हातातच राहिला.

"थांब," ते म्हणाले. "पाचची आहे."

"काय पाचची?"

"जोडी. सव्वाचारची नाही. पाचची बसवलीय मी. आणि काट्याचं चाक बदललं नाही. तू ऐंशी बघत होतीस तेव्हा साठने जात होतीस. तुझा काही दोष नाही. मला तू सावकाश जायला हवी होतीस."

आईच्या तोंडून फक्त "अहो!" एवढंच आलं, पण त्या एका अहोत मास्तरांची चांगली हजेरी घेतली गेली.

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मघाशी मी मेलेल्या माश्या काढत होते तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात, बाबा. मी स्वतःला शिव्या घालत होते. तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"ती जोडी तुम्ही ट्रेलरसाठी निवडलीत की तुमच्या झोपेसाठी?"

मास्तरांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या जोडीला कुणी नाव ठेवलं होतं, आणि ठेवणारीचं शंभर टक्के बरोबर होतं.

सकाळी गॅरेज उघडलं तेव्हा लेक आधीच गाडीखाली होती. बोलणं नाही, चालणं नाही. "पाना," ती म्हणायची आणि हात बाहेर यायचा. मास्तर पाना द्यायचे. पाचची जोडी बाहेर आली, सव्वाचारची आत गेली. दात नीट भिडतात का बघायला त्यांना पिवळा रंग फासतात आणि फिरवून ठसा बघतात. ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे, कडेला गेला तर जोडी रडते. मास्तर ठशाकडे बघून "छान" म्हणाले. लेकीने टॉर्च मारून स्वतः बघितलं. "पुन्हा करा," म्हणाली. पुन्हा केलं. काट्याचं बारकं चाक तिने स्वतःच्या हाताने बदललं आणि रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून आली. त्यांच्या कामावर कुणी असा अविश्वास दाखवावा, हे मास्तरांना फार लागलं. पण ते गुमान उभे राहिले.

निघायच्या पहाटे सगळ्या पेट्या ट्रेलरवर दोरांनी आवळलेल्या होत्या. आत घूं घूं चालू होतं. मास्तर अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून फाटकाशी उभे होते. न्यायला सांगेल अशी वेडी आशा होती.

"येऊ?" त्यांनी विचारलं.

"नको," लेक म्हणाली आणि गाडी सुरू केली.

त्या दिवशी मास्तरांनी गॅरेज उघडलं खरं, पण काम म्हणाल तर शून्य. एकाच नटाला तीनदा पाना लावला. टायरवाला थट्टा करायला आला आणि चेहरा बघून उलट पावली गेला. ऊन पायरीवर आलं, मग बाकावर आलं. प्रत्येक ट्रकच्या आवाजाला मास्तर दारात. शेवटी बायको डबा घेऊन आली आणि गेलीच नाही, बाकावर बसून राहिली. "तुम्हीच शिकवलीय ना तिला चालवायला?" ती म्हणाली. "मग?" इतकी वर्षं लोकांच्या रस्त्यांची चिंता वाहिली, आणि पोटच्या पोरीला रस्ता येतो की नाही हे कधी नीट बघितलंच नाही, डोळे त्या मॅटवर होते, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

फोन वाजला तो त्यांच्याच खिशात. हात ग्रीसने बरबटलेले, दोनदा निसटला.

"बाबा, पोचले. सगळ्या पेट्या ठीक आहेत. ऊन चढायच्या आत उतरवल्या. बाई झाडाखाली उभ्या राहून बघतायत, माश्या लागल्यासुद्धा फुलांना. चढ पूर्ण तिसऱ्यात आली गाडी." मग म्हणाली, "मी अजून रागावलेय तुमच्यावर."

"हो," मास्तर म्हणाले.

"आणि घाटाच्या पलीकडचा उतारही नीट उतरले. तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते."

मास्तरांनी फोन कानाला आणखी घट्ट दाबला.

"हॅलो? बाबा? हॅलो?"

बायकोने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. "आहेत गं इथेच. रडतायत."

"आता काय झालं?"

"काही नाही," आई म्हणाली. "तू पोचलीस."