आत्याबाईंचं वजन

आमच्या गोदामाच्या फाटकाशी भुईकाटा आहे. जमिनीच्या पातळीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पत्रा. त्यावर अख्खा ट्रक उभा राहतो आणि बाजूच्या केबिनमध्ये त्याचं वजन उमटतं. त्या केबिनमध्ये गेली एकतीस वर्षं बसणाऱ्या माणसाला ट्रकवाले ग्रॅमसाहेब म्हणतात. ट्रकचं वजन टनांत येतं, ग्रॅमचा तिथे काही संबंध नाही. पण रिकामा ट्रक तोलताना हे ड्रायव्हरला खाली उतरवतात, आणि त्याची चप्पल वर राहिली असेल तर तीही काढून आणायला लावतात. नाव त्यावरून पडलं.

मी त्याच गोदामात नोंदींचा कारकून. आमची टेबलं समोरासमोर असल्याने हा माणूस मी जितका पाहिला तितका माझा सख्खा भाऊही पाहिलेला नाही. काट्यावर जे दिसेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. नात्यात मूल जन्मलं की लोक विचारतात, कुणावर गेलंय. हे विचारतात, किती भरलं. कुणी यांना म्हणालं, "बारीक झालात हो," की हे शांतपणे विचारतात, "किती?" स्वतःच्या पोटाचा विषय निघाला की मात्र काट्याला दुरुस्तीची गरज आहे असं त्यांना आठवतं.

गोदामाच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. मागच्या अंगणात तीन कोंबड्या. दोघींबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिसरी आत्याबाई. हे नाव वहिनींनी, म्हणजे ग्रॅमसाहेबांच्या बायकोने, ठेवलं. ग्रॅमसाहेबांच्या सख्ख्या आत्या एकदा चार दिवसांसाठी आल्या आणि चार वर्षं राहिल्या. रोज स्वयंपाकघराच्या दारात मान वाकडी करून उभ्या राहायच्या आणि वहिनींच्या प्रत्येक भांड्यात डोकावायच्या. त्या वारल्यावर दोन वर्षांनी ही कोंबडी त्याच दारात, त्याच मानेने उभी राहिली. वहिनींनी हातातला झारा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आल्या परत."

स्वभावाचंही तेच. आत्याबाई दाणे आधी स्वतः खायची, मग उरलेल्या दाण्यांवर उभी राहून इतर दोघींना टोचायची. पोस्टमन भिंतीवरून पत्र टाकू लागला. माझी पोटरी तर ती ओळखत होती. अंगणात चार माणसं उभी असली तरी ती थेट माझ्याकडे यायची.

रोज सकाळी पावणेआठला, फाटक उघडायच्या आधी, ग्रॅमसाहेब तिला कापडी पिशवीत घालून केबिनमध्ये आणत. डोकं तेवढं बाहेर. पार्सलच्या लहान काट्यावर तिला ठेवायची, त्यांनी आकडा वाचायचा, मी लिहायचा. तक्ता मीच आखला होता आणि शेजारी आलेखही काढत होतो. आलेख सुबक होता, हे मी आजही म्हणेन.

गेल्या वर्षी एका आठवड्यात आत्याबाई सुधारली. मी अंगणात गेलो तर ती भिंतीशी उभी राहिली, आली नाही. पोस्टमन दारापर्यंत येऊन पत्र देऊन गेला. इतर दोघी आधी खाऊ लागल्या. सगळ्यांना बरं वाटलं.

वहिनींना वाटलं नाही. त्या केबिनच्या खिडकीशी आल्या.

"अहो, तिने दोन दिवस मला टोचलं नाही."

"मग चांगलंच की."

"काय चांगलं? तिला बरं नाहीये."

"अगं, वजन बघ आधी. नऊ दिवसांत एकशे सत्तर ग्रॅम वाढलंय. आजारी जीव वाढतो का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दाखवा हो हिला आलेख."

मी दाखवला. रेघ खालून वर, सुरेख चढत गेली होती. वहिनींनी आलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पण का?" आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रकांची रांग लागलेली असताना त्या कोंबडी काखेत घेऊन केबिनमध्ये शिरल्या. कोंबडीने मान आत ओढून घेतली होती, पिसं फुगवली होती, तुरा फिकट पडला होता, शेपूट खाली. तिला टेबलावर ठेवली तर ती पाय फाकून, छाती वर करून उभी राहिली; पोट जड झालेला माणूस जेवणावरून उठताना उभा राहतो तशी. असं उभं राहणं मी आठवडाभर पाहत होतो. मला वाटलं होतं, रुबाब आहे.

"हात लावा इथे," वहिनी म्हणाल्या. ग्रॅमसाहेबांनी छातीला हात लावला. पिसांखाली मांस उरलंच नव्हतं. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. "आता खाली." खाली पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं टच्च होतं आणि दाबलं की हलत होतं.

"पण वजन तर..."

"भिजलेल्या पोत्यांचा ट्रक आला तर तुम्ही काय सांगता?"

बाहेरून एक ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून म्हणाला, "सांगतात, पाणी तोलून घेणार नाही, माल सुकवून आणा. मला तीनदा परत पाठवलंय."

"तू मागे हो," ग्रॅमसाहेब म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

रजेचा अर्ज मी लिहिला. कारण: घरातील ज्येष्ठ सदस्य आजारी. कोंबडी पाच वर्षांची होती, म्हणजे तिच्या जातीत ज्येष्ठच. मीही अर्ध्या दिवसाची रजा घेतली.

जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे आमच्या आधी तीन कुत्रे होते. ग्रॅमसाहेबांनी आत गेल्यागेल्या तक्ता पुढे केला. बाईंनी तो नीट पाहिला.

"छान काढलाय. कोंबडीकडे कुणी बघत होतं का?"

"ही बघत होती," ग्रॅमसाहेबांनी वहिनींकडे बोट केलं.

"यांना एकट्यांना पाठवायचं होतं मग."

बाईंनी तपासून सांगितलं. अंडं बाहेर येण्याऐवजी आत पोटात पडत होतं, त्याने आतून सूज आली आणि पाणी साठलं. मांस झडत होतं तितकं, किंबहुना जास्त, पाणी वाढत होतं. कोंबडी आजार लपवते. कळपात दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचून संपवतात. म्हणून ती ढासळलेली दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. "सुईने पाणी काढता येईल. त्यातच काही जणी दगावतात. किंवा मी तिला शांतपणे झोपवू शकते. तुम्ही ठरवा."

ग्रॅमसाहेब नेहमी आकडा पाहून ठरवतात. इथे पाहायला आकडा नव्हता. त्यांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"पाणी काढा," ते म्हणाले. "मी धरतो."

त्यांनी धरली. हळूहळू, थांबत थांबत तीनशे मिलीलिटर पिवळसर पाणी निघालं. आत्याबाईने एकदा डोळे मिटले तेव्हा ग्रॅमसाहेबांनीही मिटले, आणि बाईंना म्हणावं लागलं, "तुम्ही उघडे ठेवा हो, धरताय ना."

बाईंनी औषध दिलं आणि बजावलं. उबदार, काळोखी, एकांताची जागा. भिजवून मऊ केलेलं खाणं. पाणी ड्रॉपरने, चोचीच्या कडेला एकेक थेंब. घशात ओतलं तर गुदमरेल. तीन दिवसांत स्वतःहून खाल्लं नाही तर परत आणा, मग तिचे हाल लांबवू नका. "आणि पंधरा दिवस वजन करायचं नाही. हात वापरा. सकाळी गळ्यातली दाणे साठवायची पिशवी रिकामी हवी, छातीवर मांस यायला हवं, पोट मऊ हवं."

न्हाणीघरात खोकं ठेवलं, त्यात जुना टॉवेल, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. घरातल्या माणसांनी आंघोळी शेजाऱ्यांकडे केल्या. वहिनी औषध देत आणि पुटपुटत, "खऱ्या आत्याबाईंचं पण मीच केलं. तेव्हा निदान त्या पाय चेपून घ्यायच्या, चोच उघडून धरावी लागत नव्हती."

पहिल्या दिवशी ती डोळे मिटून बसून होती. दुसऱ्या दिवशीही. ग्रॅमसाहेब कामावर येत आणि दर तासाला उठून घरी जात. काट्यावर त्या दोन दिवसांत चार ड्रायव्हर चपलेसकट तोलले गेले. कुणी तक्रार केली नाही. एकाने तर विचारलं, "आत्याबाई कशी आहे?"

"पाणी घेते. खात नाही."

"माझी बायको रुसली की अशीच करते," ड्रायव्हर म्हणाला. "समोरून उठून जा, मग खाते."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं न्हाणीघराच्या दारात उभे होतो. ग्रॅमसाहेबांनी बशी ठेवली, तिने पाहिलं नाही. डॉक्टरबाईंकडे न्यायची पिशवी खुंटीवरून काढून झाली होती. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत त्या ड्रायव्हरचं ऐकून बघा एकदा." आम्ही दार लोटून बाहेर पायरीवर बसलो. वहिनी पदर नसतानाही खांद्याशी काहीतरी नीट करत राहिल्या. बऱ्याच वेळाने आतून बशीवर टक टक ऐकू आली. मग थांबली. मग पुन्हा.

ग्रॅमसाहेब उठले नाहीत. मीच फटीतून पाहून सांगितलं, "अर्धी संपवली."

"अर्धी म्हणजे किती?" ते म्हणाले, आणि लगेच हात हलवून, "जाऊ दे, जाऊ दे."

पुढे ते हाताने शिकले. सकाळी गळा, मग छाती, मग पोट, डोळे मिटून. सुरुवातीला वहिनींनी त्यांची बोटं धरून दाखवलं. माझा तक्ता टेबलाच्या खणात गेला.

पाच आठवड्यांनी एका सकाळी ते केबिनमध्ये आले ते पांढरेफटक. पोट पुन्हा मोठं लागत होतं. वहिनींच्याही हाताला तेच. डॉक्टरबाई म्हणाल्याच होत्या, पाणी परत भरू शकतं. आम्ही पुन्हा दवाखान्याच्या बाकावर बसलो. या वेळी ग्रॅमसाहेबांनी वाटेतच ठरवलं होतं. मला हळूच म्हणाले, "दुसऱ्यांदा सुई नको. तिला त्रास झाला होता. मी धरली होती ना, मला माहीत आहे." वहिनींनी ऐकलं आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

बाईंनी पोट दाबलं, छाती चाचपली, पुन्हा पोट दाबलं.

"काय खायला घालता?"

"सांगितलंत तेच. मऊ दाणा, सकाळी," ग्रॅमसाहेब म्हणाले. "आणि जरासं उकडलेलं अंडं. ताकदीला."

"ते मी दुपारी घालते," वहिनी म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"संध्याकाळी?" बाईंनी विचारलं.

ग्रॅमसाहेब चष्मा पुसू लागले, वहिनी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागल्या.

"पाणी नाहीये हे. चरबी आहे. कोंबडी चांगली आहे, खाणं निम्मं करा."

परतताना आत्याबाई पिशवीतून मान बाहेर काढून रस्त्याकडे बघत होती. वहिनी म्हणाल्या, "ठीक आहे, दोघंही निम्मं करू."

"आधी तू संध्याकाळी किती घालत होतीस ते सांग."

"तुम्ही सांगा आधी."

गोदामाच्या फाटकापर्यंत दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही.