गोविंदरावांचे स्थिर पट्टे

महाराजांच्या अमदानीत मी कोल्हापुरात एका पदार्थविज्ञानशाळेत साहाय्यक होतो. तिथल्या हकिकती मी मुद्दाम गोळा केल्या नाहीत. धुळीसारख्या त्या साचल्या. धूळ मी रोज पुसली. हकिकती राहिल्या.

विलायतेहून एक यंत्र आले होते. मधल्या काचेने प्रकाशकिरण दुभंगून दोन आरशांवर पाठवायचा आणि परतलेले किरण एकत्र करायचे; मग काळे-पिवळे पट्टे दिसत. एखादा आरसा केसाच्या शतांशाइतका हलला तरी पट्टे सरकत. प्रोफेसर गोविंदरावांची नेमणूक कच्ची होती. प्रकाशलहरीच्या लांबीचे बिनचूक मापन दरबारास कळवले, तर ती कायम होणार होती. पण रस्त्याने बैलगाडी गेली की पट्टे नाचत!

गोविंदरावांनी एका गाडीवानाला अडवले. "सावकाश हाक! आत प्रकाश मोजतो आहे!"

"मोजा की! म्या कुठं सावली पाडली?"

* * *

मग तालमीतले दोन पैलवान मेज धरायला आणले. पट्टे अधिकच थरथरले.

"हलू नका!"

"हाललो कुठं, मास्तर? दम बी घेतला न्हाय की!"

नाडी थांबवण्याचा हुकूम तेवढा द्यायचा राहिला.

* * *

यंत्रे दुरुस्त करणाऱ्या वृद्ध इसाक मिस्त्रींनी वाळूच्या पोत्यांवर जड फरशी ठेवली आणि तीवर यंत्र. पट्टे निम्मे शांत झाले! गोविंदरावांनी दरबारास लिहिले, "मी योजिलेली युक्ती."

मिस्त्री म्हणाले, "वाळू पंचगंगेची, फरशी डोंगराची. माझं काय हाय त्यात?"

ईश्वर असे हात घडवतो, आणि त्यांच्यावर असे साहेबही नेमतो.

* * *

मी सुचवले, शंभर वाचने घेऊन सरासरी काढावी. धक्क्यांची चूक बरीचशी आपसांत फिटते. गोविंदरावांनी शंभर घेतली आणि नावडती चाळीस खोडली.

"ही का खोडली?" मी विचारले.

"तेव्हा गाडी गेली."

"गाडी तर गेली नाही."

"मग जाणार असेल!"

* * *

मापन पाठवण्याचा शेवटचा दिवस. बाहेर मिरवणुकीची हलगी कडाडत होती आणि पट्टे तसूभर हलत नव्हते!

"बघा! दगडासारखे स्थिर!" गोविंदरावांनी आकडे लिहिले, सही केली, लखोट्यावर लाख ओतली.

तेवढ्यात इसाक मिस्त्री आले. फडक्यातून त्यांनी यंत्राचा एक आरसा काढला. "साहेब, सकाळी ह्यो पुसायला काढलाता. आत्ता दिसत्यात ते नुसत्या मधल्या काचंचं पट्टं, ते कशानं बी हालायचं न्हाईत. बसवू न्हवं?"

गोविंदरावांनी आरशाकडे पाहिले. लखोट्याकडे पाहिले.

"बसवा," ते म्हणाले, "पण आधी टपाल जाऊ द्या."