ट्रालीचा पहिला फिटनेस

आमची ट्राली माझ्या नावावर होती, पण मला तिचं एवढंच माहीत होतं की कागदावर सही मी केली होती. ट्राली म्हणजे मागं मालाचा हौदा असलेली तीन चाकी गाडी. आमच्या ह्यांनी ती घेतली तेव्हा ते अजून कारखान्यात कामाला होते आणि कामगारानं दुसरा धंदा केलेला तिथं चालत नव्हता, म्हणून कागद माझ्या नावानं केले. पुढं कारखान्यानं माणसं कमी केली आणि हे दिवसभर ट्रालीच चालवू लागले. बेगम बाजारात एका शेठच्या गोदामातून माल भरायचा आणि दिलसुखनगरच्या दुकानांत नेऊन टाकायचा. तिकडं तेव्हा दर आठवड्याला नवं दुकान उघडत होतं. ज्या घरांत साधा रेडिओ नव्हता तिथं रंगीत टीव्ही जाऊ लागले होते.

असाच एक फ्रिज उतरवताना ह्यांचा पाय हौद्यावरून घसरला आणि नडगी मोडली. मांडीपर्यंत प्लॅस्टर बसलं. ह्यांचे एक मित्र होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांची स्वतःची ट्राली होती. सकाळी ते आपली गाडी चालवायचे आणि दुपारनंतर आमची, म्हणून आमचं काम बंद पडलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी ह्यांनी मला ट्रंकेतली कागदांची पिशवी काढायला सांगितली. त्यातला एक कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "तारीख वाच."

मी चौथीपर्यंत शिकले आहे. इंग्रजी अक्षरं मला एकेक करून ओळखता येतात, आकडे मात्र चांगले येतात. मी तारीख वाचली. ती येत्या शनिवारची होती.

"फिटनेस संपतो आहे," हे म्हणाले. "नव्या गाडीला पहिली दोन वर्षं मिळतात. मग दर वर्षी गाडी नेऊन दाखवावी लागते, रस्त्यावर चालण्यालायक आहे का म्हणून. लायक असली तर नवा कागद देतात."

"आणि नाही दाखवली तर?"

"तर चौकात पोलीस धरतो. गाडी आत, माल आत. शेठनं आजच निरोप पाठवलाय. कागद नसला तर सोमवारपासून दुसरी ट्राली लावणार." मग प्लॅस्टरवर बोटं वाजवत ते म्हणाले, "विकून टाकू. पाय बरा झाला की कुठं तरी वॉचमनकी बघतो."

ते सहज बोलल्यासारखं बोलले, पण भिंतीकडं तोंड करून. त्या ट्रालीवर बसलं की ह्यांची मान ताठ व्हायची, हे मी दोन वर्षं बघत आले होते. दुसऱ्याच्या दारात स्टुलावर बसलेले हे मला डोळ्यांसमोर आणवेनात.

मी विचारलं, "कुठं दाखवायची असते गाडी?"

"का? तू जाणार? अगं, किडकी वांगी निघाली तर परत करायला शेजारणीला पाठवतेस तू."

ते खरंच होतं. पण गाडी माझ्या नावावर होती, सही मलाच करावी लागणार होती, आणि ह्यांना जिना उतरता येत नव्हता.

मंगळवारी सकाळी स्वयंपाक उरकून मी गौलीगुड्याहून बस धरली आणि विचारत विचारत आरटीओच्या ऑफिसात गेले. विचारत म्हणजे, दोन बायकांना विचारलं. पुरुषांना विचारायचं टाळलं, त्यामुळं एक फेरी उगाच पडली. ऑफिसात मात्र सगळे पुरुषच. मी चार वेळा खिडकीपर्यंत पोचले आणि चारही वेळा माझ्या डोक्यावरून कुणाचा तरी हात कागद घेऊन आत गेला. पाचव्यांदा मी खिडकीची फळी दोन्ही हातांनी धरली आणि तशीच उभी राहिले.

आत बसलेले क्लार्क पिकल्या केसांचे होते. "क्या होना अम्मा?" त्यांनी विचारलं.

"फिटनेस." माझ्या तोंडून एवढाच शब्द निघाला.

"गाडी किधर है?"

"घरपे."

"गाडी घरमें, फिटनेस यहाँ? आप तो पास हो जाते अम्मा, गाडी कैसा पास होना?"

मागचे सगळे हसले. आधीची मी असते तर तिथूनच घरी गेले असते. पण फळी मी सोडली नव्हती. मी म्हटलं, "गाडी किधर लाना, कब लाना, वो बोलो."

मग त्यांनी नीट सांगितलं. या ऑफिसात फक्त कागद आणि फी. गाड्या तपासायच्या गावाबाहेरच्या मैदानावर, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी. आमच्या भागातल्या गाड्यांना तेच मैदान. तिथं जायला कोणती बस, कोणत्या पाण्याच्या टाकीजवळ वळायचं, तेही सांगितलं. गाडीचं बुक, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, विमा, टॅक्सची पावती आणायची. मी विचारलं, गाडीत काय काय बघतात? त्यांनी भराभर सांगितलं. मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी वर बघितलं आणि परत सांगितलं, या वेळी सावकाश. मग मी फी भरली आणि अर्जावर सही केली.

लिहून घ्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. म्हणून मी ते प्रदक्षिणेसारखं पाठ केलं. मनातल्या मनात गाडीच्या पुढं उभी राहिले: मोठा दिवा, काच, काचेवरचा वायपर, नंबर. उजवीकडून निघाले: आरसा, वळायचा पिवळा दिवा, चाकाची नक्षी झिजलेली नको. मागं गेले: लाल दिवा, नंबर, रात्री चमकणारी लाल पट्टी. डावीकडून पुढं आले आणि आत बसले: हॉर्न, ब्रेक. बसमध्ये घरी येईपर्यंत माझ्या सात-आठ प्रदक्षिणा झाल्या असतील.

संध्याकाळी चाचा गाडी लावायला आले तेव्हा मी खाली उतरले. एरवी मी त्यांना वरूनच चहा पाठवायची. त्या दिवशी मी गाडीभोवती फिरत एकेक सांगत गेले आणि ते तपासत गेले. वायपर चालत नव्हता. मागची लाल पट्टी अर्धी निघाली होती. डावा पिवळा दिवा दोनदा लागायचा आणि तिसऱ्यांदा नाही.

"भाबी, तुम तो खुद ब्रेकइन्स्पेक्टर हो गए," चाचा म्हणाले. गाड्या तपासणाऱ्या साहेबाला आमच्याकडं सगळे ब्रेकइन्स्पेक्टरच म्हणतात.

वर गॅलरीत हे उशीला टेकून बसले होते. ते ओरडले, "वायपरचा फ्यूज बघा म्हणावं." दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोठा निघाला.

गुरुवारपर्यंत चाचांनी सगळं ठीक करून घेतलं. मी हौदा धुतला, काच पुसली. शुक्रवारी सकाळी चाचा आपल्या फेऱ्या सोडून आले. निघण्याआधी मी नेहमीसारखी पूजा केली. गाडी घरी आली तेव्हापासून दर शुक्रवारी मी तिला हळदकुंकू वाहत होते. सुरुवातीला बाहेर पुढच्या पत्र्यावर लावायची, पण पावसात ओघळून रंगावर डाग पडले आणि हे कुरकुरले. मग मी आतली जागा शोधली होती. हँडलच्या दांड्याखाली एक लोखंडी पट्टी होती, थोडी खडबडीत, कुंकू धरून ठेवायची. तिथं मी आधी गोड्या तेलाचं बोट फिरवायची आणि वर हळद, कुंकू. त्या दिवशी जरा जास्तच लावलं.

मैदानावर आमच्या पुढं वीस-पंचवीस गाड्या होत्या. बाई मी एकटीच. चाचा म्हणाले, गाडीतच बसा. पण बसून मला काही दिसलं नसतं, म्हणून मी गाडीच्या बाजूला उभी राहिले आणि रांग सरकली की गाडीबरोबर चालत गेले.

साहेब खाकी कपड्यातले, सडपातळ. चुन्याची रेघ आखली होती. गाडी जोरात आणायची आणि रेघेवर थांबवायची. चाचांनी अशी थांबवली की मागची चाकं जागच्या जागी रुतली. दिवे झाले, हॉर्न झाला, वायपर तीनदा फिरला. मी प्रत्येक गोष्टीला मनात पुढं सरकत होते. माझी प्रदक्षिणा संपत आली होती.

मग साहेब आत वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"ये कौन किया?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं जाऊन पाहिलं तर साहेबांचं बोट त्या लोखंडी पट्टीवर होतं. बोटाला ताजं कुंकू लागलं होतं.

"मैं," मी म्हटलं. "पूजा है."

"पूजा करो अम्मा, कौन मना किया. पर इसके नीचे चासी नंबर है. हर गाडी का एकीच रहता, लोहे पे ठोका हुआ. बुक का नंबर और ये नंबर मिला तो गाडी तुम्हारी. दिखा नहीं तो मैं क्या लिखूँ?"

दोन वर्षांचे शुक्रवार त्या पट्टीवर एकावर एक बसले होते. तेल, हळद, कुंकू, वर रस्त्याची धूळ, परत तेल. बोटभर जाड, दगडासारखा घट्ट थर. खडबडीत लागायचं ते काय होतं, हे मला तिथं कळलं. मी रोज देवाच्या मूर्तीचे नाक-डोळे जपून पुसणारी, आणि गाडीचं नावच मी बुजवून टाकलं होतं.

"एक बजे तक मैं बैठता," साहेब म्हणाले. "साफ करके लाओ. नहीं तो मंगलवार को आओ. और चाकू मत लगाना. नंबर बिगडा तो बहोत मुश्किल होता."

चाचांनी गाडी कडेला घेतली. म्हणाले, "क्या करते भाबी. मंगल को आएंगे."

"मंगळवारच्या आधी शनिवार येतो," मी मराठीतच म्हटलं. त्यांना समजलं.

अकरा वाजून गेले होते. मी चाचांना म्हटलं, गाडीतलं थोडं रॉकेल-पेट्रोल, काय असेल ते द्या. त्यांच्याकडं बाटलीत रॉकेल होतं, हात धुवायला ठेवलेलं. माझ्या रुमालाची घडी त्यात भिजवून मी पट्टीवर दाबून धरली. थर मऊ पडायला वेळ लागणार होता. चाकू नको, तर मग काय? हौद्यात माल बांधायचा काथ्याचा दोर होता. त्याचं टोक मी उसवलं. माझी आई तांब्याचा हंडा नारळाच्या काथ्यानं घासायची, मीही तशीच घासते. काथ्या मळ काढतो, तांब्यावर ओरखडा काढत नाही.

मी पदर खोचला आणि त्या चिंचोळ्या जागेत पालथी पडून घासायला लागले. आधी लाल निघालं, मग पिवळं, मग काळं. रॉकेलानं डोळ्यांतून पाणी येत होतं. बाहेर दोघं-तिघं ड्रायव्हर जमले.

"क्या भाबी, दिवाली की सफाई?" एक जण म्हणाला.

"तेरी गाडी का भी कर देते, लाइन में लग," चाचा त्याला म्हणाले.

एवढं झाल्यावर लोखंड उघडं पडलं. पण नंबर उथळ होता आणि खाचांत काळं बसलं होतं. साहेबांच्या माणसानं येऊन कागदाची पट्टी आणि पेन्सिल दिली. नंबरावर कागद धरून छाप काढून द्यायचा असतो, म्हणाला. चाचांनी काढला. नुसता काळा डाग आला. परत काढला, कागद फाटला. त्यांची बोटं जाड आणि हात घामेजलेले.

"मला द्या," मी म्हटलं.

शाळेत आम्ही पाच पैशाच्या नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो. टोक टेकवायचं नसतं. पेन्सिल आडवी धरायची आणि एकाच दिशेनं, हलक्या हातानं न्यायची. मी आधी पदराच्या टाचणीनं हलकेच खाचांतलं काळं काढलं, कागद डाव्या हातानं ताणून धरला आणि पेन्सिल फिरवली. एक इंग्रजी अक्षर उमटलं. मग दुसरं. मग आकडे, एकेक, पांढरे, करड्या कागदावर.

एकाला दहा मिनिटं कमी असताना मी साहेबांच्या टेबलापुढं उभी होते. ते गाडीचं बुक उघडून म्हणाले, "पढो."

मला वाटलं, चाचांना म्हणाले. पण ते माझ्याकडं बघत होते. मी वाचायला लागले. पहिलं अक्षर पुटपुटलेच. ते म्हणाले, सुनाई नहीं देता. मग मी मोठ्यानं वाचलं. मागं सगळी रांग ऐकत होती. अक्षर अडलं तिथं थांबले, पण सोडलं नाही. साहेबांचं बोट बुकातल्या आकड्यांवरून माझ्याबरोबर सरकत होतं. शेवटच्या आकड्यावर ते थांबलं आणि त्यांनी सही केली.

घरी आले तेव्हा हे जिन्याच्या तोंडाशी कुबडी धरून उभे होते. माझे हात कोपरापर्यंत काळे-लाल होते.

"पडलीस की काय?"

मी कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. चाचांनी झालेलं सगळं सांगितलं, कुंकवाचंही. हे इतकं हसले की कुबडी निसटली. मी रागावले नाही. सोमवारी शेठच्या गोदामातून आमच्याच गाडीत माल भरला गेला, आणि विकायची गोष्ट त्यानंतर आमच्या घरात निघाली नाही.

पुढच्या शुक्रवारी मी हळदकुंकू घेऊन खाली गेले. पट्टी सोडून वीतभर वर बोट टेकवलं. पट्टीवरून कोरडं फडकं फिरवलं आणि नंबर एकदा वाचून घेतला. मग पुढं दर वर्षी मैदानावर मीच जात राहिले. हे गाडी चालवायचे, मी शेजारी कागद मांडीवर घेऊन बसायची. नंबर मला आजही पाठ आहे, ती गाडी मोडीत गेली तरी.