ऊन बघून ठरवलेला शनिवार

आमच्या लोकांना हवामान कळत नाही. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये इतकी वर्षं काढल्यावर हे मी पूर्ण जबाबदारीने आणि अजूनही रागाने लिहिते आहे. ऊन पडलं की छान हवा, नाही पडलं की वाईट, एवढीच आमची समज. एरवी ती चालून जाते. स्कीइंगला जाताना चालत नाही.

आमच्या घरापासून उत्तरेला दीड तासावर, विस्कॉन्सिनच्या शेतांमध्ये एक छोटं स्की रिसॉर्ट आहे. रिसॉर्ट आपलं म्हणायचं. पर्वतीएवढी टेकडी, दोन-तीन लिफ्ट आणि ओल्या मोज्यांचा वास मारणारी एक लाकडी शेड. पण त्या हिवाळ्यात माझ्या लेकीचा सगळा जीव तिथे होता. शाळेच्या स्की क्लबच्या बसने ती दर शुक्रवारी जायची आणि लाल गाल घेऊन परत यायची.

तिचा भागीदार म्हणजे आबा, माझे सासरे. नागपूरचे, वीजखात्यातून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी आलेले. स्कीच्या तळाला मेण लावावं लागतं हे लेकीने त्यांना व्हिडिओवर दाखवलं, आणि आबांनी माझी जुनी इस्त्रीच ताब्यात घेतली. आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये दोघांचा कारखाना सुरू व्हायचा. आबा मेण वितळवून पसरायचे, ती खरवडायची. तिचं मराठी तुटकं, त्यांचं इंग्रजी त्याहून तुटकं, पण त्यांचं कधी अडलं नाही.

जानेवारीच्या शेवटी ती पहिल्यांदा टेकडीच्या माथ्यावरून, सगळ्यात मोठ्या उतारावरून खाली आली. घरी येऊन तिने जाहीर केलं, "आबा, यू हॅव टू सी इट. वरपासून." आबांचं परतीचं तिकीट पुढच्याच्या पुढच्या बुधवारचं होतं. गुडघे बोलत होते, एवढा लांबचा प्रवास पुन्हा करणार नाही हे त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. म्हणजे हातात शनिवार होते दोन.

खरं तर एकच होता, आणि ते रिसॉर्टवाल्यांनी स्वतः सांगितलं होतं. रोज सकाळी ते आपल्या पानावर बर्फाची हालहवाल देतात. त्याच शुक्रवारी लिहिलं होतं: रात्री ताजा बर्फ पडलाय, सगळे उतार उघडे, थंडी कडक आहे, भरपूर कपडे घालून या. पुढच्या आठवड्यात ऊब येतेय, तेव्हा यायचं तर आत्ताच या. याहून सोपं कसं लिहायचं असतं?

पण आमच्याकडे एकटं कोणी कुठे जात नाही. चार घरं मिळून जायचं, त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप करायचा, कोण वडे आणणार आणि कोण चहाचा थर्मास, हे आधी ठरवायचं. ग्रुपमध्ये नवऱ्याचा एक मित्र आहे, त्याच्या फोनवर हवामानाची पाच अॅप आहेत आणि तेवढ्या जोरावर तो शहाणपणा पाजळतो. त्याने लिहिलं, "यार, शून्याखाली आहे, विंड चिल बघ. पुढच्या शनिवारी मस्त ऊन आहे. पोस्टपोन करू." मी लिहिलं, बर्फ थंडीतच असतो, लेकही उद्याच जाऊ म्हणतेय, आणि रिसॉर्टवालेही आत्ताच या म्हणतायत. तो म्हणाला, ते मार्केटिंग असतं, वहिनी. मग माझ्या नवऱ्याने शेवटचा खिळा ठोकला: "आबांना झेपणार नाही. काही झालं तर व्हिजिटर इन्शुरन्स काय देतो माहितीये ना?" खाली अंगठ्यांची रांग लागली. माझ्या कंपनीचं त्याच वीकेंडला रिलीज होतं, लॅपटॉप सोडून हलता येत नव्हतं, नाहीतर मीच गाडी काढली असती.

शनिवारी सकाळी मी खाली आले तर आबा दाराजवळच्या बाकावर बसलेले. आत थर्मल, वर दोन स्वेटर, माकडटोपी, पायात बूट घट्ट बांधलेले. शेजारी मेण लावलेल्या स्की भिंतीला टेकवून ठेवलेल्या. ते ग्रुपमध्ये नव्हतेच ना. ज्यांच्या नावाने सगळं ठरलं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. "असं होय," म्हणाले, आणि वाकून नाड्या सोडायला लागले. मी नवऱ्याला उठवलं आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या शनिवारी खरंच मस्त ऊन होतं. गॉगल लावून चारही घरं उतरली. समोर टेकडी तपकिरी पडलेली, गवत वर आलेलं, सगळीकडे चिखल. फक्त शिकाऊ मुलांच्या उतारावर मळकट बर्फाचा एक पट्टा उरला होता. मोठ्या उताराला दोरी लावून बंदची पाटी टांगली होती. तिकीट खिडकीतली बाई सहज म्हणाली, गेल्या शनिवारी यायला हवं होतं तुम्ही, या सीझनमधला सगळ्यात सुंदर दिवस होता तो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मित्र मागून म्हणत होता, "पण वेदर काय भारी आहे!" लेकीने स्की खाली टाकल्या. "आय टोल्ड यू गाइज. आय लिटरली टोल्ड यू." नवरा तिला समजवायला लागला, अगं, आबांना थंडी—

"थंडी मला वाजणार होती का तुला?" आबा एवढ्या मोठ्याने बोलले की वडे वाटणारे हात थांबले. "तुला वाजत होती तर तसं सांगायचं ना बाप्पा. माझं नाव काऊन पुढे केलं? मला विचारलं का कोणी?"

आबांनी तिच्या स्की उचलून भिंतीशी नीट उभ्या केल्या आणि तिला घेऊन दोरीपर्यंत गेले. "सांग मला. कुठून निघतेस?" तिने हातातली काठी वर रोखली. तिथून. मग त्या झाडाकडे टर्न. मग इथे फास्ट, खूप फास्ट. काठी खाली खाली येत होती आणि आबांची मान तिच्याबरोबर फिरत होती. काठी चिखलाला टेकली. तरी ते वर, माथ्याकडेच बघत राहिले.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. नवऱ्याने दोघांचा पाठमोरा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, "परफेक्ट वेदर विथ आबा!" आणि अंगठे यायला सुरुवातही झाली होती.

मी तिथेच चिखलात उभ्या उभ्या ग्रुप सोडला. बुधवारी आबा गेले. नवऱ्याने मला ग्रुपमध्ये परत घ्यायचा दोनदा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा मी बाहेर पडले.