डेंग्यूचं दूध

"हात दाखव." गावात आल्या आल्या ताईंचं हे पहिलं वाक्य. बायका हात पुढे करायच्या आणि ताई ते चक्क हुंगायच्या. "बोकडाला बांधून तशीच धारेला बसलीस ना? मग दुधाला काय अत्तराचा वास येणार?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. बोलणं फटकळ, पण गेल्यावर घर रिकामं वाटायला लावणारं.

मुरबाडकडच्या आमच्या गावात शेळी पाळायची ती बोकड विकण्यासाठी. दूध करडांचं, चहात घातलं तर पाहुणे नाक मुरडायचे. एका संस्थेच्या प्रशिक्षक म्हणून ताई शहरातून, कोपरीहून यायच्या. बोकड लांब बांधा, कास धुवा, करडाचं पोट भरल्याशिवाय भांडं घेऊ नका, हे त्यांनी माझ्या आईसकट सगळ्या बायकांच्या गळी उतरवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कुणी शिकवायला लागलं की मी आधी वही काढते. ताई म्हणाल्या, "वही ठेव गं, शेळीचा मागचा पाय धर." मी धरला. शेळीने मला लेंड्यांत बसवलं. सगळ्यांत मोठ्याने ताईच हसल्या.

पुढे दर रविवारी शहरात, माजिवड्याच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर संस्थेचं टेबल लागू लागलं. आमच्या दुधाला गिऱ्हाईक मिळालं. आई पहिल्यांदा स्वतःच्या कमाईची साडी नेसून आली होती.

मग डेंग्यूची साथ आली. शेळीचं दूध औषध आहे असं लोक धरूनच चालले होते. संस्थेच्या सरांनी लगेच भाव वाढवला आणि टेबलावर फलक लावला: 'डेंग्यूवर रामबाण'. ताईंनी तो सरांसमोरच काढला. "सर, हे दूध आहे, सलाईन नाही."

आईसुद्धा चिडली. "ताय, चार पैसं आमाला मिलतात तर तुमचं काय जातं?"

"माझं काही नाही जात. कुणाचं तरी पोर जाईल."

त्याच सकाळी एक माणूस तापाने फणफणलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन आला. "कच्चंच पाजायचं ना? बरेच दिवस ताप उतरत नाहीये."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"आधी दूध देऊन बघू म्हटलं."

"तुम्हाला दूध मिळणार नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी रस्त्यात उभं राहून रिक्षा अडवली आणि बापलेकांना हॉस्पिटलात घेऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात ताई गावात आल्या नाहीत. प्रशिक्षणाची गरज संपली, असं सरांनी बायकांना सांगितलं. कुणाची गरज? तेव्हाही एक शेळी सुजलेली कास घेऊन उभी होती आणि विचारायला कुणी नव्हतं. मला नीट भांडता येत नाही, आवाज कापतो. तरी मी विचारलं, "सर, त्यांनी चूक काय केली?" सर हसले. "बाळ, तू अभ्यास कर." अजून आठवलं की माझे कान तापतात. गिऱ्हाईक परत पाठवलं, एवढाच त्यांचा गुन्हा होता. फलक पुन्हा लागला. आणि आम्ही? आम्ही त्याच टेबलामागे उभ्या राहून दूध मापत होतो.

काही रविवारनंतर तो माणूस परत आला. मुलगा आता स्वतःच्या पायांनी चालत होता. "त्या ताई कुठेत? पाया पडायचंय. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर..." त्याने मुलाला जवळ ओढलं.

सरांनी मोबाईल काढला. मुलाच्या हातात दुधाने भरलेला पेला दिला. "हस बेटा. आमच्या दुधाने बरा झालास ना?"

बाप गोंधळून बघत राहिला. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी आई पुढे झाली. तिने मुलाच्या हातातून पेला काढून घेतला.

"याला आमचं दूध दिलंच नव्हतं," ती म्हणाली. गेटवर आलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "दिलं नाही म्हणून वाचला."

सर म्हणाले, "मावशी, धंदा बुडवाल."

आई त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "यांना कोपरीला घेऊन जा. घर ठाव हाय ना तुला?"

मला ठाऊक होतं. मी मुलाचा हात धरला. मागे लोक एकमेकांना विचारत होते, "काय म्हणाल्या त्या?" आणि आई पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने, सांगत होती.