गाडी बंद करायची नाही

मालनचं पॅकिंगचं काम सुटलं तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. लालबागच्या चाळीतल्या बाकी बायका पोळीभाजीच्या कामाला लागल्या, हिने ड्रायव्हिंगचं लायसन्स काढलं. सासू चिडली. मालन शांतपणे म्हणाली, "माका चपात्यो लाटूक जमना नाय, गाडी जमतली."

आणि जमलीच. आता बारा वर्षं झाली, ती स्वतःच्या गाडीतून डायलिसिसच्या पेशंटना नेते-आणते. ठाकूरद्वारचे गंगाधर खरे सोमवार, बुधवार, शुक्रवारचे. बँकेतून निवृत्त, वेळेला काटेकोर आणि प्रत्येक गोष्टीत मत असलेले.

त्या बुधवारी मुंबई सेंट्रल ओलांडलं आणि डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं. समोर टॅक्सी आडवी आली म्हणून मालनने हॉर्न दाबला, तर सर्दी झाल्यासारखा घोगरा आवाज आला. तिने लगेच एसी बंद केला, रेडिओ बंद केला आणि मागे बसलेल्या खरेकाकांच्या मोबाइलचा चार्जर उपटला.

"अहो, चौदा टक्केच आहे!" काका ओरडले.

"काका, आज गाडीला जास्त गरज आहे."

"पण दोन आठवड्यांपूर्वीच नवी बॅटरी घातलीत ना?"

"तेच तर. बॅटरी नुसती साठवते हो. तिला भरतो तो अल्टरनेटर. तोच बसला असणार. मी उगाच बॅटरीला दोष दिला."

तिने इंजिनच्या तापमानाचा काटा पाहिला. जागेवर होता. म्हणजे अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा तुटलेला नाही, इंजिन तापणार नाही. आता बॅटरीत उरलेल्यावर परळचं हॉस्पिटल गाठायचं, एवढंच.

सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी लांबच लांब रांगेत अडकली. काका वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाले, "इंजिन बंद करा की! पेट्रोल जळतंय."

"बंद केलं तर परत चालू होणार नाही. मग तुम्हाला पाठुंगळीला मारून न्यावं लागेल."

काका म्हणाले, "साठ किलो आहे मी."

"म्हणूनच म्हणते, गाडी बंद करायची नाही."

चिंचपोकळीला डॅशबोर्डवरचे आकडे लुकलुकायला लागले. काकांची वेळ चुकली तर मशीन दुसऱ्याला देतात, हे तिला ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक होतं. त्यांची मतं थांबली होती.

हॉस्पिटलच्या दारात ती पोचली तेव्हा सात मिनिटं शिल्लक होती. इंजिन चालू ठेवूनच तिने काकांना उतरवलं, वॉर्डातल्या मावशींच्या हाती दिलं आणि गाडी तशीच लालबागला राजाराम इलेक्ट्रिशियनकडे वळवली. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीने मान टाकली. शेवटची पन्नास पावलं रस्त्यावरच्या माणसांनी ढकलली.

राजारामने दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून गाडी चालू केली आणि मीटर लावला. "बघ ताई. चालू गाडीत चौदा व्होल्टच्या आसपास पाहिजे. इथे बारासुद्धा नाही. बॅटरी तुझी ठणठणीत होती गं, आधीचीपण."

"मग तेव्हा मला कुणी का नाही सांगितलं?"

"मीटर लावायला पाच मिनिटं जातात ना, कोण लावतो?"

अल्टरनेटर खोलल्यावर आतले वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरलेले दिसले. राजारामने ते बदलले, पट्टा ताणून बसवला, पुन्हा मीटर लावला. चौदा पूर्णांक दोन. मालनने आकडा स्वतः वाकून वाचला आणि त्याला म्हणाली, "हा मीटर वापरायला मला शिकव."

चार तासांनी काका बाहेर आले, थकलेले, ओठ सुकलेले. सीटवर टेकताच म्हणाले, "काय निघालं?"

"ब्रश झिजले होते. काका, आता एसी फुल्ल लावू?"

"लावा. आणि तो माझा चार्जर..."

वाक्य पुरं होण्याआधीच त्यांना झोप लागली. मालनने चार्जर जोडून दिला आणि भायखळ्याचा पूल हळूहळू चढली.