जंगलातली भांगलण

चुका काय, सगळेच करतात हो. पण भर जंगलात बसून, तण उपटत जंगलाचीच भांगलण करणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? नसेल पाहिला, तर आता बघून घ्या. समोरच बसलाय. चहा होऊ द्या, मग सावकाश सांगतो. भरभर बोलणं मला जमत नाही.

माझी सून वैशाली हायस्कुलात विज्ञान शिकवते. सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून निघाली जंगलात. फुलं, बेडूक, कोळी, किडे, जे दिसेल त्याचे फोटो. आमच्या गडमुडशिंगीच्या बायका विचारतात, "काय गं, त्या बेडकात काय बघण्यासारखं हाय?" मग ती मोबाईलवर फोटो दाखवते. बायका "शी, शी" म्हणतात आणि सगळे फोटो संपेपर्यंत जागच्या हलत नाहीत!

तर तिच्या फोटोंचं पहिलंच प्रदर्शन कोल्हापुरात भरायचं होतं. सगळ्या चौकटी तयार होत्या, फक्त मधली मोठी रिकामी. तिथं तिला एक फूल पाहिजे होतं. दोन पावसाळे ती त्याच्या मागं होती. आणि शेवटी, आंबोलीच्या अलीकडच्या जंगलात तिला त्याची एक कळी दिसली. एकच. पुढच्या रविवारपर्यंत उमलेल म्हणाली, आणि खूण म्हणून शेजारच्या रोपट्याला लाल दोरा बांधून आली.

त्या रविवारी पोराची कारखान्यात पाळी होती. म्हणून सोबतीला मी.

फुलाचं नाव तिनं मला गाडीत दोनदा सांगितलं. इंग्रजीच्याही पलीकडचं काहीतरी होतं. माझी शाळा चौथीत सुटली. मी "व्हय, व्हय" म्हणालो. ते दिसतं कसं, एवढं विचारायला पाहिजे होतं की नाही? नाही विचारलं! तिथंच गाडी घसरली.

जंगल म्हणजे काय जंगल! भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार. झाडावर वेल, वेलावर शेवाळ, शेवाळावर आणखी कसलं तरी झाड. वरनं टपटप, खालनं जळवा. मी प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन मागनं हळूहळू चाललो होतो. बरोबर चार-पाच फोटोवाले होते. त्यांचे म्होरके कदम सर. त्यांच्या कॅमेऱ्याचं नळकांडं आमच्या बोअरच्या पाईपाएवढं.

लाल दोऱ्यापाशी पोचतोय, तोवर खालनं आरोळी आली, "चापडा! हिरवा चापडा!"

चापडा म्हणजे विषारी साप बरं का. आपण साप म्हटलं की उलटं पळतो. ही माणसं सापाकडं पळाली!

वैशालीही निघाली. जाता जाता म्हणाली, "मामा, दोऱ्यापाशी बसा. कुणाचा पाय पडू देऊ नका. आपलं झाड हाय ते. मी आलेच."

"जा बाळा. मी हाय की."

बसलो. दोरा बांधलेलं रोपटं बघितलं. वीतभर उंच, चार पानं, तीही मलूल. मला त्याची दया आली. एवढ्या लांबनं पोरगी ह्याच्यासाठी येते, आणि ह्याच्या भोवती गवत किती! आणि बुडाशी बघतो तर काय, एक चोरटं उगवलेलं! पान नाही, हिरवा रंग नाही, नुसती एक दांडी, आणि टोकाला चिलमीसारखं वाकलेलं गुलाबी बोंड.

मी लगेच ओळखलं. टारफुल्याचा भाऊबंद!

टारफुला शेतकऱ्याला विचारा. जोंधळ्याच्या, उसाच्या मुळाला चिकटतो आणि खालच्या खाली सगळा रस पिऊन टाकतो. वरनं फूल गोजिरवाणं, खालनं दरोडेखोर. माझ्या बानं मला अक्षरं शिकवली नाहीत, पण टारफुला दिसला की उपटायचा, हे शिकवलं होतं.

उपटला! मुळासकट!

आता हात लागलाच होता, तर थांबतो कशाला? गवत काढलं. पालापाचोळा बाजूला केला. माती हातानं भुसभुशीत केली, रोपट्याला भर दिली, पाणी साचू नये म्हणून बोटानं पाट काढला. अर्ध्या तासात असा झकास वाफा तयार झाला म्हणता! अख्ख्या सह्याद्रीत तेवढीच एक जागा स्वच्छ. मी मातीचे हात झटकले आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

मंडळी आली. वैशाली पुढं होती. ती थबकली.

"मामा... हितलं फूल?"

"कसलं फूल?"

"दोऱ्याजवळचं. गुलाबी. वाकलेलं."

"ते व्हय? ते तुझ्या रोपट्याला खात होतं गं. काढून टाकलं की! आता बघ कसं तरारतंय रोप!"

कदम सरांनी कपाळाला हात लावला. "अहो आजोबा, एवढं जंगल पडलंय, उपटायला तेवढंच घावलं व्हय तुम्हाला? रोपटं कसलं? दोरा बांधायला काडी पायजे म्हणून त्ये रोपटं!"

दुसरा एक जण म्हणाला, "वाफा मात्र एक नंबर केलाय हं. मेथी टाकूया काय?"

सगळे हसले. वैशाली हसली नाही. रागावलीही नाही. गुडघ्यावर बसून तिनं ते कोमेजलेलं फूल तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "असू दे सर. मीच नीट सांगायला पायजे होतं त्यांना."

तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं हो. डोळे भरले होते तिचे. दोन पावसाळे घालवले होते पोरीनं. आणि मी अर्ध्या तासात निकाल लावला!

मी म्हणालो, "बघू इकडं ते."

तिनं फूल दिलं. मी मूळ निरखलं. रोपट्याशी त्याचं काही नातंच नव्हतं. एका रुंद पात्याच्या गवताच्या मुळाला ते चिकटलेलं. चूक झाली ती झाली, पण जात मी बरोबर ओळखली होती! आणि टारफुल्याची जात शेतात कधी एकटी राहते काय? एक दिसला की खालच्या अंगाला शंभर. बी असतं धुळीसारखं, पाणी नेईल तिकडं जातं.

"कदम सर, ह्या उताराचं पाणी कुठं जातं?"

"आता काय नांगरट करायची हाय, आजोबा?"

मी पाण्याच्या वाटेनं बसत, घसरत खाली उतरलो. रुंद पात्याचं गवत शोधत गेलो. एका बांबूच्या बेटाआड त्याचा मोठा पुंजका दिसला. गवत हळूच बाजूला सारलं.

मग हाक मारली, "वैशाली, ये बाळा. सावकाश ये. पाय बघून टाक."

वीस-बावीस फुलं होती! सगळी माना खाली घालून उभी, नव्या नवऱ्या जशा. एकीच्या आत इवलासा पांढरा कोळी बसला होता. वैशालीनं तोंडावर हात ठेवला. कदम सर तर चिखलात सपशेल आडवे झाले. त्यांच्या मानेवर जळू चढत होती, तरी माणूस हलेना!

प्रदर्शनात मधल्या चौकटीत तेच फूल, कोळ्यासकट. लोक तिथनं हलत नव्हते. वैशालीनं माझा हात धरून मला पुढं ओढलं. "हे माझे सासरे. हे फूल ह्यांनी शोधलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कदम सर माईकवर म्हणाले, "आजोबांशिवाय आता आमची फेरी निघायची न्हाय!" माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण तुटायचंच बाकी होतं.

आणि खरंच, पुढच्या फेरीला सर स्वतः गाडी घेऊन दारात आले. मला पुढच्या सीटवर बसवलं. जंगलाच्या तोंडाशी उतरल्यावर माझ्या एका हातात छत्री दिली. म्हटलं, केवढा हा मान! मग दुसऱ्या हातातही एक उघडी छत्री दिली.

मी म्हणालो, "सर, पाऊस तर न्हाय. आणि ही दुसरी कुणाला?"

"कुणाला न्हाय, आजोबा. दोन्ही तुमच्याच. तुमची नजर आम्हाला पायजे. हात तेवढे गुंतलेले असू द्या!"